कोथरूडचा महाल आणि शुक्रवारातले संग्रहालय

राजा हे केळकरांचे नाव नव्हे, आणि पदवीही नव्हे. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याच्या बाजूस, नातूबागेत जे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, त्याची पाटी वाचून परगावचे पाहुणे हमखास विचारतात की, हे कोणत्या संस्थानचे राजे? वास्तविक आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि मग आडनाव लावावयाची रीत आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा एकुलता एक मुलगा राजा हा लहानपणीच गेला. तो राहता, तर त्याचे संपूर्ण नाव जसे लिहिले गेले असते, तसेच ते या पाटीवर लिहिलेले आहे. हे एकदा ध्यानात आले म्हणजे आत शिरताना पाऊल थोडे हळू पडते.

आपल्या मंडळाने यंदा हे संग्रहालय पाहावयाचे ठरविले आणि स्मरणिकेसाठी त्यावर काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. सहलीत कोण उशिरा आले, कोणाच्या डब्यात काय होते, याचे वर्णन करणाऱ्या लेखणी आपल्यात पुष्कळ आहेत व ते काम त्या माझ्याहून चांगले करतील. मला लिहावयाचे आहे ते त्या घरात मांडलेल्या वस्तूंच्या इतिहासाविषयी. आणि विशेषेकरून त्यातील जो भाग आपल्या कोथरूडातून तेथे गेला आहे, त्याविषयी.

नित्याच्या वापरातील कारागिरीच्या वस्तू काचेआड ठेवून लोकांना दाखवावयाच्या, ही कल्पना तशी जुनी नाही. देवळात मूर्ती असे, राजवाड्यात शस्त्रागार असे, जामदारखाना असे. परंतु पाण्याचा तांब्या कोणी पाहण्यासाठी मांडून ठेवीत नसे. १८५१ साली लंडनला सर्व राष्ट्रांच्या उद्योगधंद्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात हिंदुस्थानातील कापड, धातुकाम, लाकूडकाम पाहून तेथील जाणते लोक थक्क झाले आणि आपल्या यंत्रातून निघणाऱ्या मालाला डौल नाही, असे त्यांना वाटू लागले. त्या प्रदर्शनाच्या पाठोपाठ १८५२ साली तेथे कारागिरीच्या वस्तूंचे संग्रहालय निघाले. तेच आजचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. त्याच नावाचे धाकटे भावंड आपल्या मुंबईस, भायखळ्याच्या राणीच्या बागेत, १८७२ साली लोकांसाठी उघडण्यात आले. त्याच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी पुढाकार घेतला होता, आणि १९७५ पासून ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते. पुण्यातही १८९० साली लॉर्ड रे यांच्या नावाने औद्योगिक वस्तूंचे संग्रहालय सुरू झाले; घोले रस्त्यावरचे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय ते हेच.

या साऱ्या संस्था सरकारने आणि शहाण्या नागरिकांनी व्यापार वाढावा, कारागिरांस वळण लागावे, या हेतूने काढल्या. हेतू चांगलाच होता. परंतु तेथे निवड झाली ती उत्तमोत्तमाची. ज्या वस्तूला पाहून परदेशी गिऱ्हाईक खूश होईल, ती वस्तू कपाटात गेली. बाईने रोज पहाटे पाय घासावयास घेतलेली वज्री निवडून ठेवावी, असे सहसा कोणाच्या मनात आले नाही. ते केळकरांच्या मनात आले, आणि म्हणून त्यांचे घर मला या मोठ्या घरांहून निराळे वाटते.

केळकरांचा जन्म १८९६ चा. (अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, ते वर्षही हेच, हिंगण्याच्या शेजारी राहणाऱ्या आपणा सर्वांना ते पाठ असते.) केळकर मूळचे कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. ते कोणी संस्थानिक नव्हते, की पुराणवस्तू खात्याचे अधिकारी नव्हते. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला आणि तो पुढे सुटला नाही. पदरमोड करून, गावोगाव हिंडून, दारोदार विचारून त्यांनी वस्तू गोळा केल्या. १९६० पर्यंत त्या पंधरा हजारांच्या घरात गेल्या होत्या. १९६२ साली संग्रहालय रीतसर स्थापन झाले. १९७५ साली केळकरांनी सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला. आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडता येतात. म्हणजे आपण तीन मजले चढून उतरतो आणि दमून खाली बसतो, तेव्हा आठ हिश्श्यांपैकी एकच हिस्सा पाहिलेला असतो. १९८० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

या सर्व खटाटोपात त्यांच्या पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने होत्या. हे वाक्य अशा चरित्रांत नेहमी असते, आणि त्यावरून आपण पुढे सरकतो. परंतु ज्या घरात पंधरा हजार वस्तू येतात, त्या घरातील बाईचे काय होते, याचा विचार येथल्या वाचक भगिनींनी अवश्य करून पाहावा. आपल्या यजमानांनी रद्दीची दोन गाठोडी माळ्यावर ठेवली, तर आपण महिनाभर बोलतो.

त्यांनी या वस्तू जमविल्या, त्या काळाचाही विचार केला पाहिजे. वस्तू सर्वांत स्वस्त केव्हा असते? ती नवी असताना तिला किंमत असते, आणि शंभर वर्षांनी दुर्मीळ झाली म्हणजे पुन्हा किंमत येते. मधला जो काळ असतो, वापरातून गेलेली परंतु अजून ‘प्राचीन’ न झालेली, त्या काळात ती अडगळ असते. १९२० ते १९६० ही चाळीस वर्षे आपल्या घरांच्या दृष्टीने नेमकी तशी होती. रॉकेलचे कंदील आले, मग विजेचे दिवे आले. समई देवघरापुरती राहिली आणि बाकीचे दिवे माळ्यावर गेले. टाकाची लेखणी जाऊन फाऊंटन पेन आले आणि दौत-कलमदान निरुपयोगी झाले. विडा मागे पडून चहा पुढे आला, तसा पानपुडा आणि अडकित्ता मागच्या खणात गेला. ॲल्युमिनियम आले, पाठोपाठ स्टेनलेस स्टील आले, आणि कल्हईच्या कटकटीतून सुटलो म्हणून बायकांनी पितळी पातेली आनंदाने मोडीत घातली. त्यांना दोष देता येणार नाही. पाच शेर वजनाचे पातेले चुलीवरून उतरविणे, राखेने घासणे, दर काही महिन्यांनी कल्हईवाल्याला हाक मारून नवसागराचा धूर सोसणे, हे ज्यांना रोज करावे लागले, त्यांच्यापुढे पितळेच्या सौंदर्याची महती कोणी सांगू नये. मोडीच्या तराजूकडे निघालेल्या अशा वस्तूंपैकी काही केळकर अधेमधे उचलीत होते, इतकेच.

आता खुद्द वस्तूंकडे वळू. सर्वांत रेंगाळावे ते दिव्यांपाशी. दिवा हा केळकरांच्या विशेष आवडीचा विषय. समई, निरांजन, पंचारती ही आपल्या परिचयाची. परंतु लामणदिव्यांचे प्रकार पाहावेत तितके थोडे. साखळीची एकेक कडी निराळी, वर मोर नाहीतर पोपट, खाली तेलाची वाटी. दिवा टांगावयाचा म्हणजे साखळी हवीच. पण ती साखळी साधी असली, तरी दिवा तितकाच जळला असता. ही जी गरजेपलीकडची दोन बोटे आहेत, तीच सगळी कला. काही दिव्यांत तर युक्तीही असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जोगेश्वरीस सापडलेला एक प्राचीन टांगता दिवा आहे. त्यातील पोकळ हत्तीच्या पोटात तेल भरावयाचे आणि ते बेताबेताने वाटीत उतरावयाचे, अशी त्याची रचना आहे. दिव्यात तेल घालावयास रात्री वारंवार उठावे लागू नये, ही अडचण ज्याने ओळखली, तो कारागीर घरात राहणारा माणूस असला पाहिजे.

अडकित्त्यांपाशी आमच्यातील दोघीतिघी बराच वेळ खोळंबल्या होत्या. अडकित्ता म्हणजे काय, तर दोन दांडे, एक खीळ आणि एक पाते. सुपारी कठीण असते आणि हातात जोर थोडा असतो, म्हणून दांडे लांब आणि पाते खिळीच्या जवळ. लहान जोराचा मोठा जोर व्हावा, याची ही योजना. पात्याला धार हवी म्हणून ते लोखंडाचे. हाताला धरावयाचे ते पितळेचे. एवढ्या जागेत कारागिराने काय काय बसविले आहे, ते पाहावे. घोडे आहेत, पोपट आहेत, आणि स्त्रीपुरुषांच्या जोड्या तर अशा आहेत की, दांडे मिटले म्हणजे दोघे एकमेकांजवळ येतात. बरोबरच्या वडीलधाऱ्या बायकांनी या कपाटावरून घाईने पुढे जावयाचे ठरविले आणि मग परत येऊन नीट पाहिले, हे मी कोणाचे नाव न घेता नमूद करते.

वज्री आजच्या मुलींना सांगूनही कळत नाही. टाचा घासावयाचे हे साधन. खालची बाजू खरखरीत, वरून धरावयास मूठ. मुठीच्या जागी पक्षी किंवा हत्ती. काही वज्र्यांची मूठ पोकळ ठेवून आत बारीक खडे घालीत, म्हणजे घासताना त्या खुळखुळत. सासुरवाशिणीला दिवसातून जी थोडी घटका स्वतःच्या पायांसाठी मिळे, त्या घटकेला असा आवाज होता. कुंकवाचे करंडे, फण्या, काजळाच्या डब्या, सोऱ्ये, किसण्या, झारे, गंजिफांचे पत्ते, सोंगट्यांचे पट, तंतुवाद्ये, गुजरातेतील कोरीव खिडक्या व दरवाजे, यांचे वर्णन करीत बसले, तर स्मरणिकेची बाकीची पाने मलाच लागतील. ती प्रत्येकीने स्वतः जाऊन पाहावीत.

१९५८ साली चार्ल्स ईम्स आणि त्यांची पत्नी रे हे अमेरिकेतील नामवंत रचनाकार आपल्या सरकारच्या निमंत्रणावरून हिंदुस्थान फिरले. देशात वस्तुरचनेचे शिक्षण कसे द्यावे, हे त्यांना सुचवावयाचे होते; त्यांच्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था निघाली. सारा देश पाहून झाल्यावर त्यांना सर्वांत सुंदर वस्तू कोणती वाटली असेल? लोटा. आपला पाण्याचा साधा लोटा. त्याचा आकार कोणा एका माणसाने ठरविलेला नाही, अनेक पिढ्यांतील अनेकांनी तो थोडा थोडा घडवीत आणला आहे, असे त्यांचे म्हणणे. पाणी किती मावावे, काठ हाताला कसा लागावा, ओतताना धार कशी पडावी, डोक्यावर नि कमरेवर तो कसा बसावा, अशा नाना प्रश्नांचा विचार त्यांनी त्यात पाहिला. ते वाचले, तेव्हा मला मोठी मौज वाटली. कमरेवर भांडे कसे बसते, हे सांगणारी माणसे त्या अनेक पिढ्यांत कोण असणार? तांबटाने भांडे ठोकले खरे. पण ‘मागच्या खेपेचे जरा निसटत होते’ असे त्याला जिने सांगितले, ती बाईही त्याची रचनाकार नव्हे काय?

तांबटाचे नाव निघाले म्हणून सांगते. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेली ही मंडळी तेथे स्थायिक झाली. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके देत भांड्याला बळकटी आणि चमक आणावयाची, या कामाला मठारकाम म्हणतात. भांड्याच्या पोटावर उजेड पडला की जे शेकडो लहान लहान चंद्र दिसतात, ते हे ठोके. एकही ठोका चुकला, तर ओळ बिघडते. घरोघरचे बंब, घंगाळे, हंडे असेच घडत. ती आळी अद्याप आहे, काम मात्र थोड्याच घरांत उरले आहे. संग्रहालयातील एखाद्या हंड्यापाशी उभे राहून विचारावे की, हा कोणी घडविला? उत्तर मिळत नाही. पूर्वीचे कारागीर आपल्या कामावर नाव घालीत नसत, आणि मोडीतून वा दारोदार फिरून मिळालेल्या वस्तूंबरोबर त्यांची कथा येत नाही. कोणी केला हे ठाऊक नाही, कोणी वापरला हेही ठाऊक नाही. प्रांत आणि शतक एवढे कळते.

अशा या नावे नसलेल्या वस्तूंच्या घरात एक दालन मात्र एका बाईच्या नावाने ओळखले जाते, आणि ते आपल्या कोथरूडचे आहे. ते म्हणजे मस्तानी महाल.

मस्तानीची कथा आपण सर्व जणी नाटका-सिनेमांतून जाणतो, म्हणून येथे थोडक्यात. १७२९ साली बुंदेलखंडचा वृद्ध राजा छत्रसाल महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडला असता थोरले बाजीराव त्याच्या साह्यास धावले. मस्तानी पुण्यास आली ती या संबंधातून. ती छत्रसालाची मुलगी, असे परंपरा सांगते. शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू होऊन १७३२ साली वास्तुशांत झाली. वाड्यात तिला जागा मिळाली आणि एका दरवाजाला तिचे नावही पडले. परंतु घराने तिला आपली म्हटले नाही. १७३४ साली बाजीरावांनी तिच्यासाठी कोथरूडास निराळा महाल बांधला. त्या वेळचे कोथरूड म्हणजे शहरापासून दूर, नदीपलीकडे, बागा आणि शेते यांचे खेडे. आज कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचे देऊळ आहे, त्याच परिसरात तो महाल होता, असे सांगतात. पुढे १७४० च्या सुमारास तिला नजरकैदेत ठेवण्यात आले. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीस वारले, आणि त्याच साली मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतच्या रणात मराठ्यांच्या बाजूने लढला आणि तेथे झालेल्या जखमांनी पुढे थोड्याच दिवसांत वारला. ज्या घराने आईला उंबरठ्यावर थोपविले, त्या घरासाठी मुलाने जीव दिला; याहून अधिक काही त्या घराण्याच्या न्यायाविषयी मला म्हणावयाचे नाही.

महालाचे पुढे काय झाले? जे ओस पडलेल्या वास्तूंचे होते, तेच. केळकरांच्या काळापर्यंत त्याचे अवशेष उरले होते. ते त्यांनी सोडवून आणले आणि एकेक भाग पुन्हा जोडून आपल्या संग्रहालयात महाल उभा केला. आत गेले की कोरीव खांब, कमानी, छत, भिंतींची सजावट आणि लटकती झुंबरे असा एक दिवाणखानाच दिसतो. आपण ज्याला महाल म्हणतो तो केवढा मोठा असेल, या अपेक्षेने गेलेल्यांची थोडी निराशा होते. मला तसे वाटले नाही. दगडी वाडा उचलून नेता येत नाही. लाकूडकाम नेता येते, कारण आपल्याकडचे सुतार खांब, तुळई, कमानीची फळी हे सगळे खाचा-कुसवांनी एकमेकांत बसवीत. जे जोडले आहे, ते उकलता येते, आणि पुन्हा जोडता येते. म्हणून महालातील दगडमाती गेली आणि सुताराचे काम राहिले.

त्या दिवाणखान्यात उभे असता एक गोष्ट मनात आली. आपण कोथरूडकर मंडळी रोज कर्वे रस्त्याने जातो येतो. मृत्युंजयेश्वराला सोमवारी बेल वाहतो. या बाजूस मस्तानीचे घर होते, हे आपल्यापैकी निम्म्या जणींना ठाऊक नव्हते. ते कळावयास शुक्रवार पेठेत तिकीट काढून जावे लागले. ज्या गावात वस्तू होती, तेथे तिची आठवण नाही, आणि दोन कोसांवर परक्या छताखाली ती सांभाळलेली आहे. यात केळकरांचा दोष काही नाही. उलट त्यांनी ते लाकूड उचलले नसते, तर ते कोणाच्या तरी बंबात गेले असते.

हा विषय आता आपल्या दारी येऊन ठेपला आहे, म्हणून इतके लांबण लावले. कोथरूडात सध्या ज्या गल्लीत जावे तेथे पुनर्विकासाचे पत्रे लागलेले दिसतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारती उतरतात, लोक दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या जागेत जातात, आणि जाताना माळे रिकामे होतात. त्या माळ्यांवर काय असते? पेठांतील वाडे सोडून कोथरूडास आलो, तेव्हा सासूबाईंनी बरोबर दिलेले तांब्यापितळेचे सामान. वाड्यातून निघताना ते एकदा निम्मे झाले, आता पुन्हा निम्मे होत आहे. नव्या घरात माळा नाही, असे सुना सांगतात, आणि ते खरे आहे. सर्व काही जपून ठेवा, असे सांगावयास मी बसलेली नाही. माझ्याच घरातील बंब गेल्या वर्षी गेला.

परंतु भांडे जाण्यापूर्वी त्याच्यावर काय लिहिले आहे, ते तरी वाचावे. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालावयाची पद्धत आहे. पूर्वी छिन्नीने ठोकून ठिपक्याठिपक्यांची अक्षरे काढीत, पुढे दुकानात यंत्राने कोरून देऊ लागले. ‘चि. अमुक यांस तमुक यांजकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. मुंज, लग्न, वास्तुशांत, बारसे. एका घरातील भांडी ओळीने मांडली, तर त्या घराचा पन्नास वर्षांचा इतिहास तारीखवार निघतो, आणि कोणते नातेवाईक कोणत्या सालापर्यंत येत-जात होते, हेही कळते. केळकरांच्या हंड्याला जे सांगता येत नाही, ते आपल्या घरातील हंड्याला सांगता येते. मात्र नीट पाहिले, तर आणखी एक गोष्ट दिसते. नाव बहुधा पुरुषाचे असते. देणारा पुरुष, घेणारा पुरुष, आणि भांडे आयुष्यभर घासणारे हात निराळेच. रुखवतातील काही भांड्यांवर ‘सौ.’ दिसते, तेही लग्नानंतरचे नाव. माहेरचे नाव घातलेले भांडे मी शोधते आहे.

म्हणून सहलीहून आल्यावर मंडळात एक वही घातली आहे. तिचे रकाने असे आहेत: वस्तू, धातू व अंदाजे वजन, कोरलेली अक्षरे जशीच्या तशी, कोठून आली, कोणाच्या हातची, आणि शेवटी ‘गेली असल्यास केव्हा व कोठे’. फोटो ज्यांना काढता येतात त्यांनी काढावेत; परंतु फोटोत ‘कोणाच्या हातची’ हे येत नाही, म्हणून लिहावयाचेच. आजवर एक्याऐंशी नोंदी झाल्या. त्यांत पुरणयंत्रे नऊ आहेत आणि अडकित्ते चार. वज्री एकच, तीही तिच्या मालकिणीला कशासाठी असते ते ठाऊक नसल्याने फुलदाणीशेजारी शोभेला ठेवलेली. एका घंगाळाच्या नोंदीत ‘कोणाच्या हातचे’ या रकान्यात तीन पिढ्यांतील पाच बायकांची नावे आली आहेत, माहेरच्या नावांसकट. सदतिसावी नोंद एका पितळी तांब्याची आहे. तो भगिनीला माळ्यावर मिळाला, घरात कोणालाही तो कोणाचा ते सांगता येत नाही. गळ्याखाली अक्षरे होती; चिंचेने नि राखेने घासून घासून ती गेली आहेत. ‘सौ.’ एवढे वाचता येते, आणि सालातील पहिले दोन आकडे.

वही मंडळाच्या खोलीत दर बुधवारी दुपारी तीन ते पाच या वेळात उघडी असते. ज्यांना भांडे उचलून आणणे जड जाते, त्यांच्या घरी कोणीतरी येऊन नोंद करून नेईल. ज्यांचे संग्रहालय पाहावयाचे राहिले आहे, त्यांनी वनाजच्या मार्गावरील मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरावे, तेथे गाडी बदलून मंडईला यावे. पुढे थोडे चालणे आहे. तीन मजले चढावयाचे असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच निघावे, आणि मस्तानी महाल आधी पाहून घ्यावा.